फाइल घरी राहिली

एखादं काम दोन तास घासून पुरं करावं, आळस द्यावा आणि मग आठवावं, की हे तर परवा घरच्या कॉम्प्युटरवर करून झालंय! हा अनुभव ज्याला नाही, त्याच्याकडे एकच कॉम्प्युटर असणार.

माझा वार्षिक अहवाल एके काळी दोन ठिकाणी वाढत होता. घरच्या अहवालात तक्ते दुरुस्त झालेले, ऑफिसच्या अहवालात प्रस्तावना सुधारलेली. जत्रेत ताटातूट झालेली जुळी भावंडंच. एका शनिवारी त्यांची भेट घडवायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत तिसराच अहवाल तयार झाला. त्यात जुने तक्ते होते आणि जुनीच प्रस्तावना.

यावर पहिला उपाय पेन ड्राइव्ह, कारण तो घरात पडलेला होता. पैसा न लागणारे उपाय माझ्याकडे नेहमी रांगेत पुढे असतात. अडचण एवढीच, की पेन ड्राइव्ह जिथे हवा तिथे कधीच नसतो. शुक्रवारी संध्याकाळी तो ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला राहायचा.

"अहो, रविवारी काम आहे म्हणाला होतात ना?"

"फाइल ऑफिसला राहिली."

"बरं झालं. माळा आवरू या."

आणि सोमवारी साहेबांसमोर हेच वाक्य फिरवून घ्यायचं, "सर, फाइल घरी राहिली." शाळेत 'वही घरी राहिली' म्हटलं की छडी मिळायची. इथे साहेब नुसते मान हलवतात. नोकरीत एवढी प्रगती मी नक्की केली आहे.

मग वाटलं, हातानं कॉपी करण्यापेक्षा सिंक करणारा, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणारा, फुकट प्रोग्रॅम वापरावा. नवी फाइल कुठली, जुनी कुठली, हे त्यानं बघावं. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, सहा हजार फाइली बदलल्या आहेत. मी त्यातल्या तीन उघडल्या होत्या! चष्मा पुसून एकेक तारीख ताडून पाहिली. कॉम्प्युटरवर फाइलची वेळ दहा बेचाळीस आणि सात सेकंद, पेन ड्राइव्हवर तीच फाइल दहा बेचाळीस आणि आठ सेकंद. पेन ड्राइव्हवर बरेचदा फाइली मांडायची जी जुनी 'फॅट' पद्धत असते, ती बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं लिहिते. सात तिला ठाऊकच नाही, ती आठ मांडते. एका सेकंदानं नवी झालेली फाइल प्रोग्रॅम इमानेइतबारे परत घरी आणत होता. दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्यायला सांगणारी एक सेटिंग असते, ती मला तिसऱ्या आठवड्यात सापडली.

मध्यंतरी स्वतःलाच ईमेल पाठवून पाहिले. त्या काळात माझा सर्वांत नियमित पत्रव्यवहार माझ्याशीच होता, आणि उत्तर कधी आलं नाही.

इंटरनेटवर फाइली ठेवून सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या करणारं ड्रॉपबॉक्स ज्यानं काढलं, तो ड्रू ह्यूस्टन म्हणे पेन ड्राइव्ह घरी विसरून बसमध्ये बसला आणि वैतागून तिथेच कोड लिहायला लागला. मी पेन ड्राइव्ह विसरलो की बसमध्ये झोपतो. फरक पडणारच. ड्रॉपबॉक्सवर फुकटातली जागा २ जीबी, आणि माझं नुसतं 'इतर' नावाचं फोल्डर ११ जीबीचं. जास्त जागा हवी तर दरमहा थोडेसेच पैसे. पण महिन्याचे पैसे थोडे असले तरी महिने फार असतात.

मग कोणीतरी 'आरसिंक' सुचवलं. १९९६ पासूनचा, फुकट आणि अतिशय हुशार प्रोग्रॅम. मोठ्या फाइलीतला जेवढा तुकडा बदलला, तेवढाच पलीकडे पाठवतो. आधी 'कुठून', मग 'कुठे', एवढं सांगायचं. पलीकडचा जास्तीचा कचरा काढायचा असेल तर शेवटी 'डिलीट' जोडायचं. घरी नवा कॉम्प्युटर आला होता, फोल्डर रिकामं होतं. मी 'कुठून'च्या जागी रिकामं फोल्डर लिहिलं आणि 'कुठे'च्या जागी भरलेलं. मशीननं काहीही न विचारता दोन्ही अगदी सारखी करून दिली. अहवालाची प्रत शेवटी जुन्या पेन ड्राइव्हवर मिळाली, तीन आठवड्यांपूर्वीची. गहाळ होण्याचा त्याचा गुण त्या दिवशी कामी आला.

"बॅकअप कुठंय सर?" ऑफिसच्या आयटीतल्या मुलानं विचारलं.

"हाच की बॅकअप. दोन्हीकडे असतं ना सगळं!"

"तो सिंक झाला, सर. सिंक म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसतं."

हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं, की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्याची आठवण झाली.

त्याच्याच परवानगीनं (ही घ्यावीच, नाहीतर फाइलींआधी नोकरी गहाळ होते) आता 'सिंकथिंग' बसवलंय. तेही फुकट. मधे कुणाची जागा नको, दोन मशीन थेट एकमेकांशी बोलतात. मात्र त्यासाठी दोन्ही एकाच वेळी जागी हवीत. मी ऑफिसला निघालो की घरच्या कॉम्प्युटरचं मेन बटण बंद होतं. ही घरातली शिस्त आहे आणि तिच्यापुढे माझं चालत नाही. म्हणून स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप कपाटावर कायमचा चालू ठेवला. त्याच्या प्लगवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे. बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तो जपून ठेवतो, आणि रविवारी त्याला एक हार्ड डिस्क जोडून वेगळा बॅकअप घेतो. घेऊन झाला की ती डिस्क काढून ठेवतो, म्हणजे माझा हात तिच्यापर्यंत पोचत नाही.

सगळं जुळल्याच्या आनंदात मी ऑफिसभर सांगत सुटलो. साहेबांनाही सांगितलं, तेवढं चुकलं.

सोमवारी त्यांनी विचारलं, "अहवाल?"

"सर, फाइल..."

"घरी राहिली?"

"नाही सर. इथंच आहे."

त्यांच्यासमोर उघडावी लागली. शेवटचा बदल मागच्या गुरुवारचा, अकरा वाजून वीस मिनिटं पाच सेकंद. प्रस्तावना अर्धी. घरीसुद्धा गुरुवार, अकरा वीस, पाच सेकंद.