"चित्र काढून कोणाचं पोट भरलंय?" वाल्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या पालकांच्या ग्रुपवर परवापासून एकच मेसेज फिरतोय, चार जणांनी तरी टाकला. सार असं की 8वी-9वीच्या लेकरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला, म्हणजे सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षांना, बसवू नका, दोन-तीन मार्कांसाठी वेळ वाया जातो, त्यापेक्षा इंजिनिअरिंग-मेडिकलचा फाउंडेशन क्लास लावा, ड्रॉइंग अभ्यासात कच्च्या पोरांसाठी असतं, आता तर एआय मिनिटात चित्र देतं, आणि शेवटी "चित्र काढून कोणाचं पोट भरलंय?" मी लातुरात फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान चालवतो. माझं भरलंय, म्हणून बोलतो.

पहिलं मार्कांचं. दोन-तीन नाही हो, इंटरमीजिएटला ए ग्रेड आली तर स्टेट बोर्डाच्या 10वीला 7 मार्क मिळतात, बी ला 5, सी ला 3. पण फक्त मार्कांसाठीच बसवणार असाल तर नका बसवू, ते मला पण पटत नाही.

"कच्च्या पोरांसाठी" हे वाचून मात्र डोकं तापलं. कामून कच्च्या? पेपर बघितलाय का कधी? वस्तुचित्राला समोर तांब्या ठेवतात, आता तांब्याचं तोंड गोल असतं हे सगळ्यांना माहितीय, पण बसल्या जागेवरून ते गोल दिसत नाही, चपटं दिसतं, आणि डोळे जितके खाली, तोंडाच्या पातळीकडं न्याल तितकं अजून चपटं. लेकरू डोक्यातला तांब्या काढतं आणि फसतं. माझी पोरगी परवा चार वेळा खोडत होती. समोर जे आहे तेच बघायचं, हे फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पण लागतं की. वर इंटरमीजिएटला घनभूमिती असते, म्हणजे एकच वस्तू वरून कशी दिसंल, समोरून कशी दिसंल, ते मापात काढायचं.

वेरूळ-अजिंठ्याचं नाव मी घेणार नाही, ते सगळेच भाषणात घेतात. पैठणला जाऊन मागावर बसलेला विणकर बघा. पदरावरचा मोर छापलेला नसतो, एकेक धागा मोजून, रंगाचा दोरा त्या त्या जागीच वळवून विणलेला असतो. मोजणीत एक चूक झाली की मोराची मान वाकडी. हे काय गणित नाही?

पोटाचं म्हणाल तर इंजिनिअरिंगवाल्या जेईई मेनचाच आर्किटेक्चरचा पेपर असतो, 400 मार्कांचा, त्यात 100 मार्क हातानं काढायच्या ड्रॉइंगला. आयआयटीत डिझाइनची डिग्री आहे, तिची यूसीड परीक्षा आयआयटी मुंबई घेते, 12वी कुठल्याही शाखेची चालते आणि त्यात पण स्केच काढावं लागतं. हे कुठल्याच फाउंडेशनवाल्यानं सांगितलं नसंल. लांब पाठवायचं नसंल तर संभाजीनगरला सरकारी कला महाविद्यालय आहे. सगळ्यांना लगेच नोकरी लागते असं मी म्हणत नाही, पण मेडिकलची नीट परीक्षा दिलेल्या सगळ्यांना तरी कुठं सीट मिळते.

एक गोष्ट मान्य. बऱ्याच शाळांत ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा पोर्शन भरून काढायचा तास, आणि काही क्लासवाले एकच नक्षी पाठ करून घेतात, फुल तेच, पान तेच, रंग पण तेच. त्यात वेळ वायाच जातो. पण मग तो तास नीट घ्या म्हणून भांडा ना, विषयच कशाला बंद करायचा?

राहिलं एआय. मागच्या महिन्यात एक जण मोबाइलवर एआयनं केलेला लग्नाचा बॅनर घेऊन आले, म्हणे डिझाइन तयारच आहे, फक्त छापायचे पैसे घ्या. चित्र झकास होतं, पण "शुभेच्छा" मधला च्छ फुटलेला, "हार्दिक" चा रफार भलतीकडंच, आणि नवरीच्या डाव्या हाताला सहा बोटं. त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. माझ्याकडं कामाला एक पोरगा आहे, 10वी झालेला, इंटरमीजिएटला ए ग्रेड, त्यानं लांबूनच बघितलं आणि तिन्ही चुका सांगितल्या. मग त्यानंच बसून अक्षरं नव्यानं लावली, जास्तीचं बोट खोडलं, आणि डिझाइनचे 300 रुपये आम्ही वेगळे लावले. मुकाट दिले त्यांनी.