कृपया हसू नका

फिलिपिन्समध्ये गंभीर चेहऱ्याच्या माणसाचा फोटो जो काढून दाखवेल, त्याच्या कॅमेऱ्याची पिशवी मी जन्मभर वाहीन. सात हजारांहून जास्त बेटं आहेत त्या देशात. त्यांतल्या ज्या ज्या बेटावर मी गेलो, तिथे कॅमेरा डोळ्याला लागायच्या आत समोरचा माणूस हसलेला असायचा. अपवाद दोनच भेटले, आणि त्यांतल्या एकाचे मला पैसे पडले. ते पुढे येईलच.

माझी पंचाईत अशी की मला गंभीर चेहरेच हवे होते. एका मासिकाचा श्रमिकांवरचा विशेषांक निघणार होता. संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "हे बघा, समुद्रकिनारे नकोत, माड नकोत. तुम्ही मालवणचे, तुमचा हात तिकडेच वळणार. मला संघर्ष हवा. सुरकुत्यांतून दिसणारा." मी हो म्हटलं. मानधन बरं होतं.

सुरुवात मनिलातल्या किआपोपासून केली. किआपो चर्चच्या बाहेर रस्ताभर बायका जडीबुटी, ताईत आणि रंगीबेरंगी मेणबत्त्या मांडून बसतात. त्यांतली एक म्हातारी मी लांबून हेरली. काय चेहरा होता! संपादकांनी ऑर्डर देऊन घडवून घेतल्यासारखा. मी एका खांबाआड उभा राहून लेन्स लावली, श्वास धरला, आणि म्हातारीने मला पाहिलं. झालं. तिने दोन बोटं वर करून इंग्रजी व्ही काढला. शेजारची मेणबत्तीवाली सरकत सरकत चौकटीत आली. मासळीची पाटी घेऊन चाललेल्या हमालाने पाटी खाली ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि मागे उभा राहिला. एक वाहतूक पोलीस तर चक्क रहदारी सोडून आला. अर्ध्या मिनिटात संघर्षाचं स्नेहसंमेलन झालं.

२०१४ साली टाइम मासिकाने जगातल्या शहरांमधल्या सेल्फी मोजल्या होत्या, तेव्हा मनिलाच्या पोटातलं मकाती आणि शेजारचं पासिग ही जोडी पहिली आली होती. हे मला आधी कळलं असतं तर मी मानधन आणखी बरं मागितलं असतं.

विचारून फोटो काढावा म्हटलं, तर त्यातही गोम होती. "फोटो काढू का?" असं विचारलं की समोरचा माणूस भुवया उडवतो आणि गप्प बसतो. आपल्याकडे अशा भुवया म्हणजे "काय रे, कोण तू?" तिकडे त्या भुवया म्हणजे होकार. मी आपला संकोचून उभा, तो आपला परवानगी देऊन बसलेला. पत्ता विचारला तर हात वर करायचे श्रम कोणी घेत नाही, ओठांचा चंबू करून दिशा दाखवतात. एका पोक्त हवालदाराने भर चौकात माझ्याकडे बघून चंबू केला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. बसथांबा माझ्या मागेच होता.

मग ठरवलं, जीपनीत बसून गुपचूप फोटो काढायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य ज्या जीपगाड्या टाकून गेलं, त्या लांबवून, समोरासमोर दोन बाकडी टाकून, वर घोडे, संत, मुलाबाळांची नावं रंगवून या लोकांनी जीपनी केली. २०१७ पासून सरकार त्या जुन्या गाड्या काढून नव्या आणायच्या मागे आहे, म्हणजे फोटोही वेळेत काढायला हवेत. संध्याकाळचं सोनेरी ऊन खिडकीतून तिरपं येत होतं, प्रवाशांच्या चेहऱ्यांवर दिवसभराचा शीण होता, आणि मला ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मिळाली. फोटोसाठी सर्वोत्तम जागा! पण त्या जागेवर बसणाऱ्याचं काम वेगळंच असतं. जीपनीला बहुधा कंडक्टर नसतो. शेवटच्या टोकाचा माणूस "बायाद पो" (म्हणजे "हे भाडं घ्या") म्हणून नाणी शेजाऱ्याच्या हातात देतो, ती हातोहात पुढे सरकत ड्रायव्हरच्या मागे बसलेल्याकडे येतात, त्याने ती ड्रायव्हरला द्यायची आणि सुट्टे उलट मागे पाठवायचे. कोणी एक पेसो खात नाही, हे विशेष. मी सोनेरी उन्हात पुरता तासभर सुट्टे पैसे वाटले. उतरताना ड्रायव्हरने माझी पाठ थोपटली. फोटो शून्य.

आता खाण्याचं. तिथे जेवणारा माणूस समोरून जाणाऱ्याला "या, जेवायला" म्हटल्याशिवाय घास उचलत नाही. बऱ्याचदा हे नुसतं म्हणायचं असतं, आपणही हसून पुढे जायचं असतं. पण गळ्यात कॅमेरा असला की आमंत्रण खरं होतं. रस्त्याचं काम करणारे मजूर दुपारी डबे उघडून बसले होते, चेहऱ्यावर घाम, हातावर डांबर. मी कॅमेरा उचलला आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या हातात भाताची ताटली होती.

मी मासे खाणारा माणूस, त्यामुळे उपाशी राहायची भीती नव्हती. उलट पहिल्याच सकाळी गल्लीत घरोघरी सुका मासा तळल्याचा वास सुटला आणि मला गहिवरून आलं. मुंबईत आमच्या घरी सुका बांगडा भाजला की जिन्याखालच्या फळ्यावर निनावी सूचना लागते. इथे अख्खी गल्ली तुयो नावाचा तो खारवलेला मासा, लसूण घालून परतलेला भात आणि व्हिनेगर घेऊन न्याहारीला बसलेली, आणि फळा कुठेच नाही! चिंचेचं आंबट सिनिगांग मला पहिल्या घोटात आवडलं. अदोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, तेही आवडलं. बालुत, म्हणजे पिल्लू धरलेलं बदकाचं उकडलेलं अंडं, रात्रीच विकायला येतं. ते अंधारात का विकतात हे ते खाल्ल्यावर कळतं, आणि त्यावर मी याहून जास्त लिहिणार नाही. माझी तक्रार एकच, तिखट. मिरची या लोकांना माहीत आहे, पण ते तिला पाहुण्यासारखं दूर बसवतात. वाढदिवसाच्या ताटात तर लालभडक स्पॅगेटी आली, मी आशेने मोठा घास घेतला, आणि ती गोड निघाली. वर हॉटडॉगच्या चकत्या. यजमानीणबाई कौतुकाने बघत होत्या. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जो संघर्ष होता तो टिपायला कोणी नव्हतं.

१५ मे रोजी लुकबानला पाहियास असतो. बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं गाव. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या नावाने पिकाचा उत्सव. घरांच्या दर्शनी भिंतींवर भाज्या, भाताच्या लोंब्या, फळं, टोप्या, आणि सगळ्यांत देखणे म्हणजे किपिंग. तांदळाचं पीठ कालवून खऱ्या झाडाच्या पानावर पसरायचं, वाफवायचं, सोलून वाळवायचं. पानाच्या शिरा उमटलेली रंगीत पारदर्शक पानं तयार होतात. माझ्या आजीने बघितलं असतं तर म्हणाली असती, "या तर फेण्या! भिंतीवर कशाला टांगल्या, तळा की!" (तेही तळतात. पण आधी भिंतीवर.) अशी हजारो पानं दिव्यांच्या झुंबरांसारखी लोंबत असतात आणि त्यांतून ऊन गाळून येतं. छायाचित्रकाराला देव भेटावा असं गाव. फक्त देव फोटो काढू देत नाही, जेवायला घालतो. उत्सवाच्या दिवशी घराची दारं अनोळखी माणसालाही उघडी. एका घराच्या सजावटीचा फोटो काढला की आत बोलावून लसणीचा लोंगानिसा, म्हणजे तिथलं सॉसेज, दुसऱ्या घरी पुन्हा लोंगानिसा, मग भाताचा गोड पदार्थ, मग "काहीच खाल्लं नाही तुम्ही."

रस्त्यावर पान्सित हाबहाब मिळतं. केळीच्या पानावर शेवया, त्यावर व्हिनेगर, आणि काटा-चमचा नाही, बोटंही लावायची नाहीत. पान उचलून थेट तोंडाने ओढायचं. गळ्यात दोन कॅमेरे अडकवून हे करून बघा. पान वाकलं, शेवया तोंडात गेल्या आणि व्हिनेगर लेन्सवर. त्यानंतरचे माझे सगळे फोटो मऊ, धूसर, स्वप्नाळू आले आहेत. एका नियतकालिकाने पुढे त्या शैलीचं कौतुकही केलं.

शिवाय ज्याचा फोटो काढला त्याला तो पाठवायचा असतो. फेसबुक नाही असा माणूस तिथे मला दिसला नाही. रात्री खोलीवर येऊन मी मेसेंजरवर फोटो वाटत बसायचो. शेजारच्या घरात कराओके चालू. तिथे गाणं येणं आणि गाणं म्हणणं यांचा संबंध मानत नाहीत, ही त्या देशाची लोकशाही मला फार आवडली, रात्री अकरापर्यंत.

मायोन ज्वालामुखीचं मात्र वेगळं. लेगास्पीजवळचा हा २,४६२ मीटर उंचीचा डोंगर शंकूसारखा इतका नेटका आहे, की मुलांनी चित्रात काढलेला डोंगर बरोबर असतो हे तिथे पटतं. तो हसत नाही, व्ही काढत नाही. तो नुसता ढगाआड बसतो. १८१४ च्या उद्रेकात कागसावा गाव गाडलं गेलं, चर्चचा मनोरा तेवढा वर उरला. त्या मनोऱ्यासमोर मी तिपाई लावून दिवस काढला. ढग मिनिटभर हटले तेव्हा मी पिशवीत फिल्टर शोधत होतो. तिथे पोरं वाटाड्याचं काम करतात. एका दहा-बारा वर्षांच्या पोराने माझा फोन मागून घेतला, "कुया (म्हणजे दादा), हात वर. बोटं अशी. नाही, खाली," करत त्याच मिनिटात मी मायोनला शेंडीला धरून उचलल्याचा फोटो काढला. तोच आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सर्वांत जास्त गाजला. "तुझ्या इतर फोटोंपेक्षा बरा," असं थोरल्या काकांनी लिहिलं.

जेवण मात्र या बिकोल भागात बरं जमलं. मिरची आणि नारळाचं दूध दोन्ही सढळ, आणि लाइंग म्हणजे तर चक्क अळू, नारळाच्या दुधात शिजवलेलं. तिथलं मिरचीचं आइस्क्रीमही खाल्लं.

तिथूनच भाड्याची मोटरसायकल घेऊन एका वस्तीत गेलो आणि विलक्षण घडलं. कोणी हसलं नाही. बायका पटापट आत गेल्या, दारं लागली. एक पोरगं पुढे होऊन म्हणालं, "आई घरी नाही." आई दाराच्या फटीतून बघत होती. मग उलगडा झाला. फिलिपिन्समध्ये दुचाकीवरून गल्लीबोळांत फिरणारा भारतीय म्हणजे बहुधा पंजाबी सावकार. पाच घ्या, सहा द्या, रोजच्या रोज वसुली. मला पाहून वस्तीला हप्ता आठवला होता! मी दाराच्या फटीतल्या त्या धास्तावलेल्या डोळ्याचा फोटो काढला. मी मुंबईचा फोटोवाला आहे एवढं कळायचा अवकाश, दारं उघडली, बायका केस विंचरून बाहेर आल्या, आणि पुन्हा व्ही. फटीतला तो डोळा मी अभिमानाने संपादकांना पाठवला. उत्तर आलं, "नुसतं दार कशाला पाठवलंत?"

आणि हे हसणं बघून "गरीब असूनही किती सुखी" असं लिहायचा मोह होतो, तो मात्र मी आवरला. २०१३ च्या नोव्हेंबरात योलांडा वादळाने ताक्लोबान झोडपलं, देशभरात ६,००० हून जास्त माणसं गेली, आणि जगाने चिवट, हसतमुख लोक म्हणून यांची पाठ थोपटली. हे कौतुक तिथल्या पुष्कळांना आता टोचतं. हसतमुख माणसाला कोणी नुकसानभरपाई देत नाही, असं मला एका रिक्षावाल्याने सांगितलं. हसत हसत.

शेवटी उत्तरेला बानावे. इफुगाव लोकांची डोंगर कोरून केलेली भातखाचरं. त्यांतल्या बाताद वगैरे गावांच्या खाचरांना १९९५ पासून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा आहे. ती दोन हजार वर्षं जुनी असं सगळीकडे सांगतात. अलीकडच्या उत्खननांतून वय ४०० वर्षांच्या आसपास निघतंय. बातादच्या पायऱ्या उतरून परत चढलेले माझे गुडघे दोन हजारांच्या बाजूने आहेत. त्या पायवाटेवर एक माणूस पाठीवर गॅसचा सिलिंडर घेऊन उतरत होता. मला बघून त्याने सिलिंडर उतरवला, त्याला कवेत घेतलं आणि हसला. "प्लीज, हसू नका," मी म्हटलं. त्याचा चेहरा काळजीने भरला. "का? काय झालं?" तो फोटो चांगला आला असता, पण मी त्याला समजावत बसलो.

बानावेच्या रस्त्यावरच्या सज्जावर इफुगाव म्हाताऱ्या लाल-काळ्या हातमागाच्या वस्त्रांत, डोक्यावर पिसांचे मुकुट घालून बसतात. त्यांच्यापैकी एका लोलाकडे, म्हणजे आजीकडे, मी गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. मी वीस पेसोंची नोट दिली. लोलाने ती उलटी करून मला दाखवली. मागे त्याच खाचरांचं चित्र होतं, माझ्यापेक्षा चांगल्या उजेडात काढलेलं. तिला म्हणायचं होतं की हा फोटो वीसलाच मिळतो, तिचा जास्त पडेल. मी शंभर दिले. तिने नजर दूर डोंगरावर लावली, जबडा आवळला, आणि चेहऱ्यावर असा काही संघर्ष आणला की माझे हात कापले. तीन फोटो झाले. ती घड्याळाकडे बघितल्यासारखी थांबली आणि विडा थुंकून पोट धरून हसली.

हो, विडा. इफुगाव मोमा खातात, म्हणजे सुपारी, पान, चुना, कधी तंबाखू. गावात पिंक टाकू नये अशा पाट्या आहेत आणि पाट्यांखाली पिंका आहेत. माझ्या गावाकडे सुपारीच्या बागा आहेत हे मी खुणेने सांगितलं तेव्हा लोला एकदम घरच्यासारखी झाली. तिने आपल्या हाताने विडा करून माझ्या तोंडात दिला. चुना सढळ होता, तंबाखू त्याहून. डोंगर हळूहळू फिरायला लागला. लोलाने आपला मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला, खांद्यावर वस्त्र टाकलं, मला कठड्याला टेकवून उभं केलं, आणि तिच्या नातवाने माझ्याच फोनवर माझा फोटो काढला. कपाळावर घाम, डोळे तारवटलेले, जबडा आवळलेला.

रात्री थकून सगळे फोटो एकदम पाठवले, निवडायचं त्राण नव्हतं. सकाळी संपादकांचा निरोप आला होता. लोलाचा फोटो त्यांना नाटकी वाटला. "पण तो मुकुटवाला म्हातारा शेतकरी अप्रतिम! मुखपृष्ठावर घेतोय. नाव आणि वय कळवा."