तीन ज्योतिषी, तीन तारखा: बडोद्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचं सार आधी देतो. तुमच्या मुलीच्या लग्नाचा काळ तुम्ही तिघांना विचारलात. मांडवीकडच्या गुजराती शास्त्रीजींनी जन्माक्षर (गुजराती पत्रिका) बघून अष्टोत्तरीने एक वर्ष सांगितलं, मोबाइलवरच्या विंशोत्तरीने दुसरं, आणि कृष्णमूर्ती पद्धतीवाल्यांनी तिसरं. (दशा म्हणजे आयुष्याचे ग्रहांना वाटून दिलेले कालखंड; अष्टोत्तरी आणि विंशोत्तरी या त्या वाटणीच्या दोन पद्धती.) शिवाय घरच्या हाताने लिहिलेल्या पत्रिकेत मंगळाची महादशा जिथे सुरू होते, त्याच्या जवळपास पाच महिने आधीच मोबाइल ती सुरू करतो. मागच्या लेखात मी ‘दशा आणि गोचर जुळले की घटना घडते’ असं लिहिलं होतं (गोचर म्हणजे ग्रहांचं त्या त्या वेळचं भ्रमण), ते तुम्हाला रबरासारखं वाटलं: कुठेही ताणा, बसतंच. आणि शेवटी २००८ सालच्या पुण्यातल्या, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी घेतलेल्या ज्योतिषाच्या चाचणीचा दाखला.

चाचणीचं आधी. तिच्यात प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका देऊन मूल हुशार आहे की मतिमंद, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. हा निकाल मला मान्य आहे. कालनिर्णयाची परीक्षा तिच्यात नव्हती हे खरं, पण त्या आडोशाला मी उभा राहणार नाही. कालनिर्णयाची तशी परीक्षा व्हायची तर भाकीत कोणत्या पद्धतीने आणि किती रुंदीचं, हे घटनेच्या आधी कागदावर आलं पाहिजे. घटना घडून गेल्यावर चार पद्धतींपैकी जी बसली ती पुढे करायची, हा प्रकार आमच्या क्षेत्रात सर्रास चालतो, आणि त्यावरचा तुमचा राग रास्त आहे.

मात्र तुमच्या तीन तारखांमधला बराचसा फरक पद्धतींचा नाहीच. तो पद्धत सुरू होण्याआधीच्या आकड्यांचा आहे. तुमच्या मुलीची पत्रिका इथे उघडी करत नाही, एक कल्पित घेतो. तूळ लग्न (लग्न म्हणजे इथे विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी), चित्रापक्षाने (चित्रा तारा प्रमाण धरून) चंद्र सिंहेत २० अंशांवर, मंगळ मकरेत. चंद्र पूर्वा फाल्गुनीत. हे नक्षत्र सिंहेच्या १३ अंश २० कलांपासून २६ अंश ४० कलांपर्यंत, म्हणजे एकूण ८०० कला (६० कलांचा एक अंश). त्यातल्या ४०० भुक्त (ओलांडलेल्या), ४०० भोग्य (उरलेल्या). विंशोत्तरीत या नक्षत्राचा स्वामी शुक्र, त्याच्या २० वर्षांपैकी बरोबर १० शिल्लक. तिथून रवी १६व्या वर्षापर्यंत, चंद्र २६पर्यंत, मंगळ ३३पर्यंत.

आता फक्त अयनांश (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचं अंतर) बदला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग-सुधारणा समितीने चित्रापक्ष घेतला आणि २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हे मान धरलं. लाहिरी म्हणतात ते हेच. कृष्णमूर्ती अयनांश त्याहून साधारण ६ कलांनी कमी, म्हणून चंद्र ६ कला पुढे जातो. २० वर्षं गुणिले ६ भागिले ८००, म्हणजे ५५ दिवस. सगळ्या दशा तेवढ्या अलीकडे येतात. रामन अयनांश सुमारे १ अंश २७ कलांनी कमी, तिथे हाच फरक २ वर्षं २ महिने होतो. आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष (रेवतीचा तारा प्रमाण धरणारा) साधारण ४ अंशांनी कमी. त्याने चंद्र सिंहेच्या २४ अंशांवर जातो आणि शुक्राची शिल्लक १० ऐवजी ४ वर्षं उरते. तीच मुलगी, तीच वेळ, तीच विंशोत्तरी, आणि मंगळाची दशा २६ ऐवजी २०व्या वर्षी. घरात टिळक पंचांग आणि मोबाइलमध्ये लाहिरी असेल, तर दोन्हींची तुलना करून शास्त्राला बोल लावण्यात अर्थ नाही.

जन्मवेळेचंही असंच. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला सरासरी २४ तास १७ मिनिटं लागतात. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो: जन्मनक्षत्राच्या स्वामीची जेवढी वर्षं, त्याच्या चौथाई दिवस दर मिनिटाला सरकतात. शुक्राच्या नक्षत्रात मिनिटाला ५ दिवस, रवीच्या नक्षत्रात दीड दिवस. वेळ १० मिनिटांनी चुकली तर शुक्रवाल्याचा पुढचा सगळा दशाक्रम ५० दिवसांनी हलतो. हा फरक वयाबरोबर कमी होत नाही, आयुष्यभर तेवढाच राहतो.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतल्या पत्रिकांत वेळ घटी-पळांत असते, सूर्योदयापासून मोजलेली. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. सूर्योदय कुठला धरला, हा खरा प्रश्न. मुंबईसाठी छापलेल्या पंचांगातला सूर्योदय तसाच उचलला तर गोंधळ होतो, कारण बडोद्याचा सूर्योदय डिसेंबरात मुंबईपेक्षा पाचेक मिनिटं उशिरा आणि जूनमध्ये आठेक मिनिटं आधी असतो. रेखांश जवळपास सारखे असले तरी अक्षांशात सव्वातीन अंशांचा फरक आहे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, तेव्हा आठ मिनिटांत दोन अंश गेले. स्थानिक वेळ आणि घड्याळाची वेळ यांची गल्लत तर याहून मोठी: बडोद्याची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३७ मिनिटं मागे आहे. आणि घरातल्या ज्येष्ठांच्या पत्रिका बघत असाल तर १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे होती, तो तास वजा केला की नाही हे तपासा. शुक्राच्या नक्षत्रात एक तास म्हणजे १० महिने.

गुजराती जन्माक्षर वाचताना आणखी एक ठेच लागते, ती संवताची. इथला विक्रम संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेकडचा चैत्रात. चैत्र ते आश्विन या काळात दोन्हींत पूर्ण एका वर्षाचा फरक असतो. दशाचक्राखालचा (दशांच्या तक्त्याखालचा) संवत चैत्रादी समजून इसवी सनात फिरवला, की त्या महिन्यांत सुरू होणारी प्रत्येक दशा एक वर्ष आधी दिसते. शास्त्रीजींचं वर्ष आणि तुमचं वर्ष यांत नेमकं एकाचंच अंतर असेल, तर आधी इथे बघा.

आता तुमचे पाच महिने. दशावर्ष किती दिवसांचं, हा वाद जुना आहे. बहुतेक जण ३६५.२५ दिवस घेतात, काही ३६० दिवसांचं सावन वर्ष घेतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरांत हा पर्याय सेटिंगमध्ये असतो. दर वर्षी सव्वापाच दिवसांचा फरक. २८व्या वर्षी सुरू होणारी दशा ३६०च्या हिशेबाने १४७ दिवस आधी येते, म्हणजे जवळजवळ पाच महिने. हाताने केलेल्या जुन्या दशाचक्रांत संवताखाली सूर्याची राशी आणि अंश लिहिलेले असतात, आणि दशेची वर्षं-महिने-दिवस त्यांतच मिळवलेले असतात. महिना म्हणजे सूर्याची एक राशी, दिवस म्हणजे एक अंश. ते आपोआप सौरवर्ष होतं. मी ३६५.२५ वापरतो, आणि जुन्या लोकांची ही मांडणी हेच त्यामागचं माझं कारण आहे.

पद्धतींचा खरा फरक यानंतर सुरू होतो. त्याच कल्पित पत्रिकेला अष्टोत्तरी लावा. तिथे १०८ वर्षं, आठ ग्रह, केतू नाही. मघा, पूर्वा आणि उत्तरा फाल्गुनी मिळून चंद्राची १५ वर्षं, प्रत्येक नक्षत्राला ५. मघेची ५ आणि पूर्वेची अडीच गेली, साडेसात उरली. मग मंगळ साडेपंधरापर्यंत, बुध साडेबत्तीसपर्यंत. योगिनी ही आणखी एक दशापद्धत, ३६ वर्षांची: नक्षत्रक्रमांक ११ मध्ये ३ मिळवून ८ ने भागा, बाकी ६, म्हणून उल्का ही सहावी, ६ वर्षांची दशा. तिची निम्मी, ३ वर्षं शिल्लक. पुढे मोजत गेलं की भ्रामरी, म्हणजे मंगळ, २४ ते २८ आणि भद्रिका, म्हणजे बुध, २८ ते ३३. वय २७ धरलं तर विंशोत्तरीत मंगळ, योगिनीतही मंगळ, अष्टोत्तरीत बुध. तूळ लग्नाला मंगळ द्वितीय आणि सप्तमाचा (विवाहाच्या भावाचा) स्वामी, बुध नवम आणि व्ययाचा (बाराव्याचा). अष्टोत्तरीवाला लग्नाचं वर्ष वेगळं सांगणारच.

मग अष्टोत्तरी लावायचीच कधी? गुजरातेत तिचा मान परंपरेने मोठा आहे, पण पाराशरी ग्रंथांत तिला अटी आहेत. राहू लग्नात नसून लग्नेशापासून (लग्नराशीच्या स्वामीपासून) केंद्रात (१, ४, ७, १०) किंवा त्रिकोणात (५, ९) असेल तर ती घ्यावी. दुसऱ्या मताने, कृष्णपक्षात दिवसा किंवा शुक्लपक्षात रात्री जन्म असेल तर. शास्त्रीजींना एवढंच विचारा, की यांपैकी कोणती अट धरून त्यांनी अष्टोत्तरी घेतली. उत्तर सरळ आलं तर त्यांचा निर्णय पद्धतशीर आहे, मग तो माझ्याशी जुळो वा न जुळो.

‘रबर’ हा तुमचा शब्द मला सर्वांत जास्त लागला, कारण गोचराच्या बाबतीत तो खरा आहे. गुरू आणि शनी दोघांचीही सप्तमावर दृष्टी किंवा स्थिती हवी, असा नियम घेऊ. सप्तम मेष. गुरू मेष, सिंह, तूळ, धनू या चार राशींतून मेषेला लागतो (५, ७, ९ दृष्टी). शनी मेष, कर्क, तूळ, कुंभ या चारांतून (३, ७, १० दृष्टी). दोघे एकदम लागण्याचा काळ सरासरीने नऊ भागांतला एक. हा नियम काहीतरी सांगतो. आता त्यात ‘किंवा सप्तमेशावर’ (सप्तमाच्या स्वामीवर, इथे मंगळावर) जोडा. मंगळ मकरेत, तेव्हा गुरूच्या राशी आठ झाल्या, शनीच्या सहा. एकूण काळाचा तिसरा हिस्सा. आणखी ‘किंवा लग्नावर, किंवा चंद्रावर’ म्हटलं की गुरू दहा राशींतून लागतो, शनी आठांतून, आणि नऊपैकी पाच भाग काळ योग्य ठरतो. निम्म्याहून अधिक! इतक्या सैल नियमाने कोणतंही लग्न बरोबर येतं, आणि म्हणून तो नियम काहीच सांगत नाही. माझ्या वाक्यात ही मर्यादा लिहिलेली नव्हती. लिहायला हवी होती. माझा नियम असा आहे: गोचर फक्त भावावर बघायचं, आणि तेही दशेने दिलेल्या अंतर्दशेच्या (महादशेतल्या पोटविभागाच्या) आतच.

रुंदीचा मुद्दा याला जोडूनच येतो. मंगळ-शुक्र अंतर्दशा १४ महिन्यांची. तिच्यातली रवीची विदशा (अंतर्दशेतला पोटविभाग) २१ दिवसांची. जन्मवेळ १० मिनिटांनी शंकास्पद असताना सगळी दशाच ५० दिवस मागेपुढे होते, तिथे २१ दिवसांच्या विदशेवरून लग्नाचा महिना सांगणं ही फसवणूक आहे, सांगणाऱ्याला ते कळत असो वा नसो. अशा पत्रिकेत अंतर्दशेशी थांबावं.

कृष्णमूर्ती पद्धतीवाले बारीक तारीख देतात, पण त्यांची भूक मिनिटांची आहे. सप्तम भावारंभाचा (सप्तम भाव सुरू होतो त्या बिंदूचा) सब, म्हणजे नक्षत्राच्या पोटभागाचा स्वामी, २, ७, ११ या भावांचा कार्येश (फळ देणारा) हवा. आणि रवीचा सब अवघा ४० कलांचा असतो. भावारंभ मिनिटाला साधारण १५ कला सरकतो, म्हणजे पावणेतीन मिनिटांत सब बदलला. शुक्राचा सब मोठा, तरी नऊएक मिनिटंच. वेळ दवाखान्याच्या कागदावर ‘६.३०’ अशी गोल आकड्यात असेल तर जन्मकुंडलीवरून सब बघूच नये. विचारणाऱ्याकडून १ ते २४९ मधला अंक घेऊन प्रश्नकुंडली (जन्माऐवजी प्रश्नावरून मांडलेली कुंडली) मांडणं त्या पद्धतीत जास्त प्रामाणिक.

तुम्ही एक करा. घरची पत्रिका आणि मोबाइल शेजारी ठेवा आणि दोन नोंदी काढा: पहिली महादशा संपते त्या तारखांमधलं अंतर, आणि मंगळ सुरू होतो त्या तारखांमधलं अंतर. पहिलं अंतर थोडं आणि दुसरं पाच महिने असेल, तर सेटिंगमधलं दशावर्ष ३६० दिवसांवर आहे, ते बदला. दोन्ही अंतरं सारखीच असतील तर वर्षाचा संबंध नाही, चंद्रच वेगळा आहे. तेव्हा दोन्हीकडचा स्पष्ट चंद्र अंश-कलांसकट, मोबाइलमधल्या अयनांशाचं नाव आणि पत्रिकेतला इष्टकाल (सूर्योदयापासून मोजलेली जन्मवेळ) मला कळवा. वेळ चुकली की अयनांश वेगळा, हे त्या चार आकड्यांवरून सांगता येईल.