पुलावरच्या लँडिंगबद्दल : एका नाराज वाचकाला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या बफेलोहून कॅनडात नेणाऱ्या पीस ब्रिजवर गाडीने जाऊन कॅनडाचं पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, पक्कं करण्याबद्दल, म्हणजेच 'लँडिंग'बद्दल, मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, यातलं निम्मं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप तीन. एक, 'डिसेंबर २०२४ पासून फ्लॅगपोलिंग बंद आहे आणि तुम्ही अजून लोकांना पुलावर पाठवताय.' दोन, 'लँडिंग करून त्याच दिवशी अमेरिकेत परत जाणं ही पळवाट आहे, प्रामाणिकपणे राहायला येणाऱ्यांचा अपमान आहे.' आणि तीन, 'सामानाच्या यादीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते धोकादायक आहे.' जाता जाता 'नियागराची सहल केल्यासारखं वर्णन' असा टोलाही मारलाय. तो मान्य. आईबाबा अमेरिकेत आले की त्यांना धबधबा दाखवायचा हा आपल्या लोकांचा कुळाचार आहे, त्यामुळे बफेलोचा रस्ता मला सहलीशिवाय आठवतच नाही.

पहिल्या आक्षेपात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. फ्लॅगपोलिंग करणारा माणूस आधीच कॅनडात राहत असतो. तो गाडी काढून अमेरिकेच्या नाक्यावर जातो, तिथून कागद घेऊन उलटा फिरतो आणि कॅनडाच्या अधिकाऱ्यासमोर 'आत्ता आलो' म्हणून उभा राहतो. झेंड्याच्या खांबाला वळसा घालून यायचं, म्हणून ते नाव. घरून अर्ज केला तर महिनोन्‌महिने लागतात, पुलावर त्याच दिवशी परमिट हातात पडायचं. लोक जाणारच. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात कॅनडाच्या सीमा यंत्रणेने अशा ६९,३०० हून अधिक लोकांची कामं केली. २३ डिसेंबर २०२४ च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी जे थांबलं, ते काही अपवाद सोडता वर्क परमिट आणि स्टडी परमिटचं. जे कॅनडातच आहेत त्यांचं पीआर आता ऑनलाइन पोर्टलवरूनही पक्कं होतं, त्यांना पुलाकडे फिरकायची गरज नाही.

आम्ही वळसा घातला नव्हता. आम्ही पिट्सबर्गला राहत होतो, नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर. अर्ज अमेरिकेतून केला, पासपोर्टवर पीआरचा व्हिसा चिकटवून आला, सीओपीआर, म्हणजे पीआर मंजुरीचा कागद, हातात होता. बाहेरून पहिल्यांदा आत येणाऱ्याचं काम सीमेवरच व्हायचं. ती सीमा विमानतळावर असेल किंवा पुलावर. पूल तोच असला तरी त्याच खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या दोघांचं काम एक नसतं, एवढंच मला लेखात ठळक लिहायला हवं होतं.

आता पळवाटीबद्दल. इथे तुम्हाला सरळ खोडून काढता येत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की पीआर व्हायला येणारा माणूस कायमचं राहायच्या इराद्याने आलेला असला पाहिजे. आमचा इरादा होता, पण मुलीची शाळा जूनपर्यंत होती आणि सीओपीआरची मुदत डिसेंबरात संपत होती. ही मुदत बहुधा मेडिकलच्या तारखेला बांधलेली असते, वैद्यकीय तपासणी बारा महिने ग्राह्य असते, आणि ती वाढवून मिळेल यावर कुणी विसंबू नये. म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये गेलो. इरीपासून पुढे बर्फ, वायपर चालूनही काच पांढरी. खिडकीवरच्या अधिकारी बाईने विचारलं, 'राहायला आलात का?' नवऱ्याने खरं ते सांगितलं : आज परत जाणार, शाळा संपली की सामान घेऊन येणार. तिने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पीआरला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, ते कसे भरायचे हे कायदा माणसावर सोडतो. पळवाट तेव्हा होते जेव्हा माणूस खिडकीवर खोटं बोलतो. खोट्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे. आमच्यासारखे लोक रांगेत घुसतात असं तुम्हाला वाटत असेल तर वाटो, पण आम्ही कुणाची जागा घेतली नाही.

लहानपणी 'सीमा' हा शब्द मी सीमाप्रश्नापुरताच ऐकला होता. कोल्हापूरहून निपाणीला जाताना कोगनोळीचा नाका लागायचा, तिथे ट्रकवाले थांबायचे, आपली एसटी पुढे जायची. त्यामुळे दोन देशांच्या मधल्या पुलावर स्वतःची गाडी नेऊन 'आम्ही इथे राहायला येतोय' असं सांगायचं, याचं मला कौतुक वाटलं आणि ते लेखात उतरलं. विमानाने जाणंच सुरक्षित, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. पीआर कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं आणि पत्ता १८० दिवसांत द्यावा लागतो. कार्ड हातात नसेल तर विमान, बस, रेल्वे कुणीही बसू देत नाही, वेगळं प्रवासपत्र काढावं लागतं. खासगी गाडीला ही अडचण नाही. आमचं कार्ड आमच्या आधी मिसिसागात, मैत्रिणीकडे राहायला गेलं होतं. जुलैत आम्ही सीओपीआर दाखवून गाडीने आत आलो.

त्या नोव्हेंबरच्या दिवशी अमेरिकेत परतताना मात्र माझ्या पोटात गोळा होता, कारण आमचे अमेरिकेचे व्हिसा संपलेले होते. आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची, मुदत शिल्लक असेल, कॅनडातला मुक्काम ३० दिवसांच्या आत असेल आणि तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर जुन्या, संपलेल्या व्हिसावर परत येता येतं. एच-१बी मंजुरीचा आय-७९७ हा कागद सोबत होता. अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला आणि सोडलं. जाताना आय-९४ कुणाच्या हातात देऊ नका, हे मी लेखात लिहिलं होतं, इथे पुन्हा लिहिते.

आणि तिसरा आक्षेप. इथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. 'यादी कुणी विचारलीही नाही' असं मी लिहिलं ते नोव्हेंबरपुरतं खरं आहे. जुलैची गोष्ट मी लिहिलीच नाही, कारण लाज वाटली. नंतर येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच प्रवेशाला कस्टम्सला द्यायची असते. त्यांनी ती फॉर्मला जोडून शिक्का मारून दिली की ते सामान पुढे कधीही करमुक्त आत येतं. मी 'विशेष काही नाही' म्हणून सुटले. जुलैत भाड्याचा ट्रक घेऊन आलो तेव्हा शिक्क्याची यादी मागितली. नव्हती. मग काउंटरच्या कडेला उभी राहून शिवणयंत्र, पेटी, चांदीचं ताट, कुकर, एकेक खोका आठवून लिहीत बसले. पाटल्या आणि तोडे इंग्रजीत कसे लिहायचे? 'बांगड्या, साध्या, २२ कॅरेट' असं लिहिलं. फोटो नव्हते, मूल्यांकनाचा कागद नव्हता. दोन तास गेले आणि काही वस्तूंवर कर भरला. चूक शंभर टक्के माझी. तुमची प्रतिक्रिया आली नसती तर मी ती लपवूनच ठेवली असती. लेखातली ती ओळ आज काढली आहे.

गाडीचंही लिहायचं राहिलं होतं. अमेरिकेतली गाडी नेणार असाल तर तिचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अमेरिकी कस्टम्सकडे किमान ७२ तास आधी पोचलेलं लागतं. आणि १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर सांगायची. सांगितल्याने त्यावर कर लागत नाही, न सांगितल्याने जप्त होऊ शकते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, कारण ती यादीपेक्षा मोठी आहे. सीओपीआर आलं, मग डिसेंबरात पुण्याला जाऊन लग्न केलं आणि जानेवारीत 'अविवाहित' म्हणून लँडिंग केलं, असे दोन मुलगे मला माहीत आहेत. खिडकीवर प्रश्न येतोच : अर्जानंतर लग्न, मूल, काही बदल? लग्न झालं असेल तर पुलाकडे निघण्याआधी कळवा, लँडिंग पुढे गेलं तरी चालेल. न कळवलेल्या बायकोला पुढे स्पॉन्सर करताना हीच गोष्ट आडवी येते.

तुम्ही शेवटी विचारलंय, 'तुम्ही कॅनडात राहता तरी का?' हो. जुलै २०१९ पासून मिसिसागात. ७३० दिवस कधीच भरले.