शोकाच्या ‘पाच टप्प्यां’बाबत खुलासा

अपत्य गमावलेले आईवडील नकार, राग, घासाघीस (नशिबाशी मनातल्या मनात सौदा), नैराश्य आणि स्वीकार या पाच टप्प्यांतून क्रमाने जातात आणि वर्षभरात न सावरल्यास त्यांना मानसिक आजार झाला असे समजावे, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले हे टप्पे मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवर आधारलेले होते, मागे राहिलेल्या पालकांवर नव्हे. शिवाय ते ठरावीक क्रमाने येत नाहीत, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केले.

वर्षाची गोष्ट तर उलटीच वाचली गेली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निदानपुस्तिकेत दीर्घकालीन शोकविकारासाठी प्रौढांना घातलेली १२ महिन्यांची अट त्याआधी निदान करू नये म्हणून आहे. त्यानंतरही तीव्र लक्षणे जवळजवळ रोज जाणवून दैनंदिन जगणे विस्कळीत होत असेल, तरच तो विकार ठरतो. कामावर जाणाऱ्या, हसणाऱ्या आईला गेलेल्या मुलाच्या वाढदिवशी दहा वर्षांनीही रडू येणे हा (खरे तर सांगावे लागू नये) आजार नव्हे. मुलाचे नाव घेत राहणे म्हणजे ‘अडकून पडणे’, हेही संशोधकांनी १९९६ पासून ‘टिकून राहणारे बंध’ (गेलेल्या माणसाशी असलेले नाते मनात जपणे) या संकल्पनेतून खोडून काढले आहे.