‘जिभाऊ, रूम दोघांच्या नावावर घ्या’: एका फॉरवर्डला उत्तर

सुट्या जवळ आल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घराघरांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘जिभाऊ, मुंबईला आठ-दहा जण नेताय? लॉजवाल्याला पैसे चारू नका’ अशी त्याची सुरुवात. पुढे सल्ले येतात. रूम दोघांच्या नावावर घ्या, बाकीचे एकेक करून वर जा. हॉटेलच घ्यायचं तर एकच मोठी फॅमिली रूम घ्या, दोन रूमपेक्षा ती स्वस्तच पडते. आधी बुकिंग करू नका, स्टेशनबाहेर रूम मिळवून देणारा माणूस भेटतो. राहायला विरार-कल्याण धरा. नाहीतर टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पेशंट आहे असं सांगून धर्मशाळा मिळवा. आणि शेवटी, कधीही जा, मुंबईत रूम मिळतेच.

आमच्या नात्यागोत्यात मुंबईला कुणी निघालं की राहायची सोय बघायचं काम बहुतेक माझ्याकडे येतं. म्हणून सांगतो, यातले बरेचसे सल्ले पैसे वाचवत नाहीत, वाढवतात. एक तर सरळ माणुसकी सोडून आहे.

पहिला सल्ला सगळ्यात जास्त पाळला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. लॉजमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवणं मालकाला भाग असतं, पोलीस रजिस्टर तपासतात. काउंटरवर कॅमेरा असतो, जिना त्याच्यासमोरच असतो. आठ जण एकेक करून वर गेले तरी पाण्याच्या बाटल्या नि चादरी मागायची वेळ येतेच. मग रात्री मॅनेजर दार वाजवतो. त्या वेळी आजी आडवी झालेली असते, पोरं झोपलेली असतात, आणि तो म्हणेल तो आकडा द्यावा लागतो. हाच मॅनेजर दुपारी फोनवर जादा गादीचे पैसे कमी करायला तयार असतो, कारण तेव्हा तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. रात्री तुमच्या हातात काहीच नसतं. शिवाय आग लागली, कुणाला अचानक बरं वाटेनासं झालं, तर त्या रूममध्ये किती माणसं आहेत हे कुणाला माहीतच नसतं. दोन जणांच्या खोलीत आठ जीव कोंडताना हा विचार करायला हवा.

खरा आकडा आधी सांगणं हीच स्वस्ताईची सुरुवात आहे. किती मोठी माणसं, किती पोरं, पोरांची वयं काय, सगळं सांगा. लहानग्यांचे पैसे बरीच हॉटेलं घेत नाहीत, पण वयाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, ती विचारून घ्या. सहा मोठे आणि दोन लहान असतील तर एकाच मजल्यावर तिघांच्या दोन रूम आणि प्रत्येकी एक जादा गादी मागा. दर अ‍ॅपवर बघा आणि मग हॉटेलला थेट फोन लावा. फोनवर पुष्कळदा कमी होतं, कारण अ‍ॅपचं कमिशन वाचतं. मात्र ठरलेला दर, माणसांची संख्या आणि गादीचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. ओळखपत्र मोठ्या माणसांपैकी प्रत्येकाचं न्या. आधारची प्रत द्यायची धास्ती वाटत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, ते द्या.

आता एकच मोठी फॅमिली रूम स्वस्त, हे बघू. इथे जीएसटी मध्ये येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के कर आहे, त्याच्या वर १८ टक्के. समजा एक मोठा सुइट ८,००० ला मिळतोय आणि त्याच हॉटेलात साध्या दोन रूम ४,००० प्रमाणे. दिसायला बरोबरी. पण सुइटचे कर धरून ९,४४० होतात आणि दोन रूमचे ८,४००. एका रात्रीत हजाराच्या वर फरक. त्यात सुइटला बाथरूम बहुधा एकच, आणि सकाळी आठ जणांच्या अंघोळी उरकेपर्यंत दहा वाजतात. पाच-सहा पलंगांची मोठी रूम ७,५०० च्या आत मिळत असेल तर अवश्य घ्या, पण दर विचारताना ‘कर धरून किती?’ हेच विचारा.

स्टेशनबाहेरचा माणूस कशाला बघतो ते ओळखा. पहाटेची वेळ, हातात बॅगा, कडेवर पोर, सोबत म्हातारी माणसं. दहा लॉज फिरून बघायची तुमची ताकद नाही हे त्याला दिसतं, आणि त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यातून निघतं. आपल्या भागातून रात्री बसलं की बऱ्याच गाड्या पहाटे नाहीतर सकाळीच कल्याण-दादरला पोचवतात, म्हणून ही गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. बुकिंग करताना दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न चेकआउटचा. काही जुन्या लॉजमध्ये आल्या वेळेपासून २४ तास धरतात, बाकी ठिकाणी दुपारी १२ च्या आसपास दिवस बदलतो. १२ च्या हॉटेलात सकाळी सहाला शिरलात तर आदल्या दिवसाचं भाडं लागू शकतं, तेही दोन-तीन रूमचं. त्यापेक्षा बॅगांना कुलूप लावून मोठ्या स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. अंघोळीपुरती जागा हवी असेल तर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी आधी बुक करता येते, काही स्टेशनांवर तासांच्या हिशोबानंही. एका तिकिटावर सहाच जण बसतात, त्यामुळे आठ जणांचे पीएनआर दोन होतात हे लक्षात ठेवा. परतीच्या दिवशीही हीच युक्ती: रात्रीची गाडी असेल तर सगळ्या रूम धरून ठेवू नका. एक ठेवा, बाकीच्या सोडा. सामान तिथं राहतं, म्हातारी माणसं दुपारी पाठ टेकतात.

विरार-कल्याणचा सल्ला अर्धा खरा आहे. तिथं भाडं कमी असतं. पण सीएसएमटीपासून कल्याण साधारण ५४ किलोमीटर आणि चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. विरारहून सकाळच्या लोकलमध्ये आजोबा, नातू आणि बॅगा घेऊन आठ जणांनी एकाच डब्यात चढायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. दुपारी रूमवर परतता येत नाही, म्हणून दोन्ही वेळचं जेवण, चहा, पाणी बाहेर, आणि ते आठांनी गुणलं जातं. घरून आणलेल्या दशम्या-चटणी रूमवर पडून राहतात. काळी-पिवळी टॅक्सी चार जण घेते, म्हणजे एक टॅक्सी कधीच पुरत नाही. लांब राहिलात की हा दुप्पट खर्च रोजचा.

मधला मार्ग गाडी बघून ठरवा. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडून येणाऱ्यांना ठाणं बरं पडतं. बऱ्याच गाड्या तिथं थांबतात आणि सीएसएमटी ३४ किलोमीटरवर आहे. कुर्ला, घाटकोपर, सायनही बघा. नंदुरबार-दोंडाईचाकडून सुरतमार्गे येणाऱ्यांनी बोरिवली-अंधेरीची बाजू बघावी, त्यांची गाडी पश्चिम रेल्वेनं येते. त्यात आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाली आहे. सिद्धिविनायक आणि सीएसएमटी ही दोन्ही स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला राहून म्हाताऱ्यांना गर्दीच्या लोकलमध्ये न चढवता दर्शन घडतं.

आता धर्मशाळेचं. हा सल्ला ज्यानं लिहिला त्यानं परळला टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ बघितलेला नसावा. आपल्या खान्देशातली किती माणसं केमोथेरपीसाठी तिथं जातात हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. उपचार एका दिवसात संपत नाहीत. आठवडे, कधी महिने जातात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा त्या पेशंटसाठी आणि त्यांच्या सोबतच्या माणसांसाठी आहेत. खोल्या मोजक्या, मागणी प्रचंड. हॉस्पिटलची फाइल आणि कागद बघूनच जागा दिली जाते, म्हणून खोटं सांगून तिथं शिरणं सोपंही नाही. पण कुणी शिरलंच, तर ज्याला त्या रात्री छप्पर मिळालं नाही तो आपल्याच तालुक्यातला असू शकतो. मुंबई बघायला निघालेल्या कुटुंबानं तिकडे फिरकूही नये. आणि घरात खरोखर पेशंट असेल तर लाजू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची सोय विचारा, तो विभाग याच कामासाठी असतो.

फिरायला जाणाऱ्यांसाठी धर्मशाळा आहेतच. सी. पी. टँक, भुलेश्वर भागात जुन्या धर्मशाळा आहेत. कुठं समाजाची अट असते, कुठं खाण्यापिण्याचे नियम असतात, ते फोनवर विचारून जा. आमदारांच्या चिठ्ठीवर आमदार निवासात राहू, असंही काही जण म्हणतात. त्यातलं ‘मनोरा’ हे आमदार निवास पाडून तिथं नव्या इमारतीचं काम काढलंय, आणि उरलेल्या खोल्या मंत्रालयात कामासाठी खेटे घालणाऱ्यांना लागतात. पोराबाळांची सहल त्या भरवशावर आखू नका.

कधीही जा, रूम मिळतेच, हे तर नाहीच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवसांत दादरला रूम शोधू नका. गणेशोत्सवात लालबाग-परळ, डिसेंबरअखेरीस सगळीच मुंबई भरलेली असते. सुटीतच जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळून मधले वार धरा, भाव करायला तेव्हा जागा असते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉकही असतो. फक्त राणीची बाग बुधवारी आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद असतं, ते बघून दिवस ठरवा.