विमान सव्वा तास, ट्रेन सव्वादोन तास: या हिशेबात राहून गेलेलं

मावशीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्याच्या तोंडावर एक मेसेज उगवतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. म्हणणं थोडक्यात असं: युरोपात ट्रेनने फिरणं हा रिकामटेकड्या पैसेवाल्यांचा शौक. विमान तासाभरात पोचवतं, तेही वीस युरोत. रेल्वेचा पास ही फसवणूक, रात्रीच्या गाड्या बंद पडल्या, उरलेल्या कधी वेळेवर नसतात. आणि मुंबईहून विमानाने येणाऱ्यांनी पर्यावरणाच्या गप्पा मारू नयेत. खाली 'अनुभवाचे बोल' आणि हात जोडलेले दोन इमोजी.

मी म्युनिकमध्ये राहतो. उन्हाळ्यात घरचं कोणी ना कोणी येतंच, आणि त्यांची तिकिटं काढायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडतं. तेव्हा उत्तर द्यायला हवं. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

"विमान तासाभरात पोचवतं." पोचवतं, पण विमानतळावर. मेसेजमध्ये उदाहरण लंडन–पॅरिसचं आहे: विमान सव्वा तास, ट्रेन सव्वादोन तास. आई-बाबांना नेमका हाच प्रवास करायचा होता, तेव्हा मी सरळ कागदावर मांडणी केली. हॉटेलपासून हीथ्रो एक तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर. सव्वा तास हवेत. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि पट्ट्यावर बॅगांची वाट बघणं, पाऊण तास. मग शार्ल द गॉलहून लोकलने शहरात यायला अर्धा-पाऊण तास. झाले साडेपाच तास, वर थोडे.

ट्रेनचं बघा. सेंट पँक्रास स्टेशन शहराच्या पोटातच, अर्धा तास. सव्वा तास आधी पोचायचं, कारण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते. सव्वादोन तास युरोस्टारमध्ये, त्यातला काही वेळ समुद्राखालच्या पन्नास किलोमीटर बोगद्यात. पॅरिसला गार द्यू नॉरवर उतरलं की बॅग ओढत थेट रस्त्यावर. चार तास. मेसेज लिहिणाऱ्याने विमानाचा फक्त हवेतला वेळ धरला, आणि उरलेले चार तास कुठे गेले ते त्यालाच ठाऊक.

शिवाय लोणचं. युरोस्टारला बॅगा यंत्रातून जातात, पण बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेत शंभर मिलीलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊ देत नाहीत, ती भानगड तिथे नाही. आईची कैरीच्या लोणच्याची बरणी सुखरूप पॅरिसला आली. तूप मात्र तिला लंडनच्या भाचीकडेच ठेवावं लागलं. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, मग ट्रेन असो की विमान. आणि हो, ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि फ्रान्ससकट बहुतेक युरोपीय देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा. हे विसरून सेंट पँक्रासला पोचणारे दर वर्षी निघतातच.

"वीस युरोत तिकीट." चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वीस युरोत तुम्ही आणि सीटखाली मावेल एवढी पिशवी. आपली मोठी बॅग चढवली की आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. ज्याला 'पॅरिस' म्हणतात तो बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून 85 किलोमीटरवर आहे, आणि 'फ्रँकफर्ट हान' फ्रँकफर्टपासून सुमारे 120 वर. मुंबईचं तिकीट काढून पुण्याच्या अलीकडे उतरावं, तसं. बसचं भाडं वेगळं, अर्थातच.

तरी इथे मेसेजला अर्धे गुण देतो. लंडन–पॅरिस ट्रेनचं तिकीट आदल्या आठवड्यात काढाल तर डोळे पांढरे होतील. तीन-चार महिने आधी काढलं तर परवडतं, पण आपली अडचण अशी की तोवर व्हिसा हातात नसतो आणि स्वस्त तिकीट परत करता येत नाही. विमान स्वस्त का, याचं एक कारण कुणी सांगत नाही: आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर युरोपात कर नाही. गाडी मात्र वीज विकत घेते आणि रुळांचं भाडंही भरते. जिथे रुळांवर स्पर्धा आली तिथे चित्र पालटलं. माद्रिद–बार्सिलोना 621 किलोमीटर, अडीच तास, तीन कंपन्या. भाडी उतरली, आणि त्या मार्गावर आता बहुतेक लोक ट्रेननेच जातात.

पासबद्दल, म्हणजे ठरावीक दिवस अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या एकाच तिकिटाबद्दल, चार ओळी पुरेत. फसवणूक नाही, पण त्यावरचं बारीक अक्षर वाचायला हवं. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसतं जाऊन बसायचं. दोन-तीनच लांबचे टप्पे असतील तर पास घेऊच नका.

"रात्रीच्या गाड्या बंद पडल्या." पॅरिसहून व्हिएन्ना आणि बर्लिनला जाणाऱ्या 'नाइटजेट' नावाच्या रात्रीच्या गाड्या डिसेंबर 2025 मध्ये खरंच बंद झाल्या, फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेतलं म्हणून. मेसेजवाल्याने तेवढीच बातमी वाचली असावी. जर्मन रेल्वेने 2016 मध्ये आपल्या झोपायच्या गाड्या गुंडाळल्या, तेव्हा ऑस्ट्रियन रेल्वेने त्यातल्या बऱ्याच मार्गांवर नाइटजेट सुरू केली. झुरिक–हँबुर्ग, व्हिएन्ना–रोम अशा कितीतरी गाड्या धावताहेत.

आई-बाबा व्हिएन्नाहून व्हेनिसला असेच गेले. कुशेट म्हणजे आपला थ्री-टिअरच समजा, फक्त कप्प्याला दार असतं आणि ते आतून बंद होतं. महालक्ष्मीने कोल्हापूर-मुंबई केलेल्या बाबांनी तरीही बॅगेला साखळी लावलीच. सकाळी दोन छोटे पाव, लोणी, जॅम आणि चहा. डबे रात्री तोडून-जोडून वेगवेगळ्या शहरांकडे जातात, म्हणून नुसती गाडी नव्हे, डबा बरोबर आहे ना ते चढतानाच बघायचं. सकाळी गाडी पुलावर आली की दोन्ही बाजूंना खाजणाचं पाणी दिसतं आणि सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की समोर कालवा. विमानतळ तिकडे मुख्य भूमीवर आहे. एका रात्रीचं हॉटेल वाचलं, हा हिशेब मेसेजमध्ये कुठेच नाही. झोप सगळ्यांनाच लागते असं मात्र नाही. बाबा घोरले, आई जागी होती.

उशिराबद्दल वाद नाही. 2024 मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त 62.5 टक्के वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर'च धरतात. जर्मन शिस्तीची आख्यायिका इथल्या फलाटावर उभं राहिलं की विरते. म्हणून जर्मनीत गाडी बदलायची तर मध्ये किमान तास ठेवा आणि पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा, म्हणजे पुढची गाडी चुकली तरी त्यानंतरच्या गाडीने जाता येतं. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं असतील तर भांडत बसायची तयारी ठेवा. सीमा ओलांडली की स्वित्झर्लंडमध्ये मात्र घड्याळ लावून घ्या.

राहिलं पर्यावरण. मुंबई–फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर उडून आलेल्या माणसाने लंडन–पॅरिस ट्रेनने केलं म्हणून तो पुण्यवान होत नाही, हे मान्य. पण म्हणून आणखी चार उड्डाणं जोडायची, हा कुठला न्याय? त्याच मेसेजची एक पुरवणीही फिरते, 'फ्रान्सने देशांतर्गत विमानं बंद केली'. तसं काही नाही. अडीच तासांच्या आत ट्रेन आहे अशा मोजक्या मार्गांपुरता तो नियम 2023 मध्ये आला: पॅरिसच्या ऑर्लीहून नांत, बोर्दो आणि ल्यों.

हे सगळं मावशीला लिहून पाठवलं. दोन मिनिटांत उलट प्रश्न: "बरं, पण आम्हाला म्युनिकहून लिस्बनला जायचंय, तिथे कुठली ट्रेन?"

लिस्बनला विमान, मावशी. माद्रिदहूनसुद्धा थेट गाडी नाही.